मधपेट्यांना रंग कोणता द्यावा? (सातेरी, दहा पेट्या, कुडाळ)

रानफूल

नमस्कार मंडळी,

कुडाळपासून आत आमची आंबा-काजूची बाग आहे. चार वर्षांपासून तिथे सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या ठेवते. दोनांपासून सुरुवात केली, आता दहा आहेत. शिवाय पाच कोऱ्या पेट्या नुकत्याच सुताराकडून आल्यात. पावसाआधी सगळ्या रंगवायच्या आहेत.

नुसत्या शोभेचा प्रश्न असता तर धागा काढला नसता. गेल्या डिसेंबरात मी चार वसाहतींचं विभाजन केलं, म्हणजे एकीच्या दोन केल्या. चारही ठिकाणी राणीघरं भरदार होती. नव्या राण्या बाहेर आल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. पुढे त्यातल्या तीन मीलनाच्या उड्डाणाहून परत आल्याच नाहीत. एक तर शेजारच्या पेटीसमोर मेलेली सापडली. म्हणजे ती परत आली होती, फक्त चुकीच्या दारात गेली आणि तिथल्या माश्यांनी तिला मारलं. माझ्या दहाही पेट्या पांढऱ्या, एका ओळीत, सारख्याच उंचीच्या चिऱ्यांवर, सगळ्यांची दारं पूर्वेला. ती राणी हातात घेतली तेव्हा फार वाईट वाटलं. तिने घर ओळखावं तरी कशावरून?

आता बेत असा की प्रत्येक पेटीला वेगळा रंग द्यायचा. लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, नारिंगी असे लहान डबे आणायचे. सासूबाई म्हणतात, गेरूचा हात मार आणि वर पांढरी नक्षी काढ, अंगण सारवल्यासारखं दिसेल. गावात एकाने सांगितलं की लाल रंगाने माश्या चवताळतात. काय करू? ऑइलपेंट घ्यावा की पाण्यातला? रंग दिल्यावर किती दिवसांनी माश्या आत घालायच्या? ज्यांनी स्वतः रंगवल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

डाळिंबवाला

सांगोल्याहून. मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) पेट्या डाळिंबात, मग सूर्यफुलात, कांद्याच्या बियाण्यात अशा फिरवतो. आमच्या सगळ्या पांढऱ्या आणि बाजूला निळा पट्टा. पट्टा माश्यांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. एका शिवारात तिघांच्या पेट्या उतरल्या की कोणाची कोणती हे लांबून कळतं. चोऱ्याही होतात ताई. रंग ही मालकीची खूण आहे, ते विसरू नका. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नाव कोरून ठेवा. रंग खरवडता येतो, कोरलेलं जात नाही.

डोंगरमाशी

रानफूल ताई, महाबळेश्वरच्या बाजूला पस्तीस वर्षं पेट्या सांभाळतोय, म्हणून बोलतो. रंगाने एवढा फरक पडत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते, कातळाच्या कपारीत राहते, पडक्या घराच्या भिंतीत राहते. तिथे कोणी रंग दिला होता? ती जागा ओळखते. पेटीपासून डाव्या हाताला जांभळीचं खोड, उजवीकडे दगड, समोर करवंदीची जाळी, हे तिच्या ध्यानात असतं.

तुमच्या राण्या रंगामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही. ओळीमुळे गेल्या. रांगेत दहा पेट्या म्हणजे चाळीतली खोली शोधण्यासारखं झालं. ओळ मोडा. दोन पेट्यांत सहा-सात फूट तरी अंतर ठेवा, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं आग्नेयेला, तिसरी झाडाआड. तुमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, तेवढी दिशा फक्त दाराला नको.

दुसरं, वेडा राघू. डिसेंबरात तारेवर बसलेले असतात का बघा. राणी अंगाने मोठी, उडायला जड, तो तिला सहज उचलतो. कोतवालही घेतो. निम्म्या राण्या तिथेच जातात आणि आपण पेटीला दोष देतो.

माझ्या पेट्यांना मी रंग देत नाही. सागाच्या आहेत. दर वर्षी उन्हाळ्यात रिकाम्या पेटीला बाहेरून अळशीचं उकळलेलं तेल पाजतो, आठ-दहा दिवस उन्हात ठेवतो. काही पेट्यांना वीस वर्षं झाली.

रानफूल

डोंगरमाशी काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ओळ तर मोडतेच. वेडे राघू आहेत, पुष्कळ आहेत, विजेच्या तारेवर रोज सकाळी. पण शेजारच्या पेटीसमोर सापडलेली ती एक राणी मनातून जात नाही. तिला पक्ष्याने नेलं नव्हतं.

माझ्या पेट्या सागाच्या नाहीत, सुताराने हलकं लाकूड वापरलंय. नुसत्या तेलावर आमचा पाऊस निभेल असं वाटत नाही.

प्रयोगवही

मी तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि मधमाशीची नजर हा माझा सर्वांत आवडता तास होता. म्हणून जरा लांब लिहितो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्यूनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत की मधमाश्यांना रंग दिसत नाहीत. तरुण कार्ल फॉन फ्रिशला ते पटेना. फुलांनी रंग मग कोणासाठी धरले? त्याने १९१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अंगणातल्या टेबलावर करता येईल इतका साधा आहे. फिकटापासून गडदापर्यंत करड्या छटांचे चौकोनी कागद मांडायचे, त्यांत एकच निळा. निळ्यावरच्या बशीत साखरपाणी. माश्यांना सवय लागली की बशी रिकामी करायची आणि कागदांची जागा बदलायची. माश्या तरी निळ्यावरच येतात. रंग दिसत नसता तर तेवढ्याच उजळ असलेल्या एखाद्या करड्याशी त्यांची गल्लत झाली असती. लाल कागद घेतल्यावर मात्र गल्लत झाली. माश्या काळ्या आणि गडद करड्या कागदांवरही उतरू लागल्या. पुढे १९७३ मध्ये फ्रिशला नोबेल मिळालं.

तिच्या डोळ्यात आपल्यासारखेच तीन प्रकारचे ग्राही आहेत, पण वेगळे: अतिनील, निळा आणि हिरवा. लाल टोक तिच्यासाठी अंधारात आहे. त्याबदल्यात आपल्याला न दिसणारं अतिनील टोक तिला लख्ख दिसतं.

आता ताईंचे डबे बघू. पिवळा, नारिंगी आणि पोपटी हे आपल्याला तीन रंग. माशीच्या लेखी ते सख्खे भाऊ. निळा, जांभळा, वांगी हे दुसऱ्या घरातले. लाल, गेरू, चॉकलेटी हे काळ्याच्या जवळचे. म्हणजे पिवळ्या पेटीशेजारी नारिंगी आणि निळीशेजारी जांभळी ठेवलीत तर आपल्या डोळ्यांना रंगपंचमी दिसेल आणि राणीला पुन्हा जवळपास एकसारखी दारं. सहा डबे घेऊन तिला तीनच रंग दिल्यासारखे होतील.

पांढऱ्याची गोष्ट आणखी निराळी. हल्लीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील शोषून घेतं. त्यामुळे आपल्याला जो शुभ्र, तो माशीला निळसर-हिरवा दिसतो. जुन्या काळी शिशाचा सफेदा आणि जस्ताचा सफेदा असे दोन प्रकार होते. शिशाचा अतिनील परत फेकायचा, जस्ताचा गिळायचा. माणसाला दोन्ही पेट्या पांढऱ्या, माशीला दोन वेगळ्या. (शिशाचा सफेदा शोधायला कोणी जाऊ नये, ते विष आहे.)

तर माझ्या मते कामाचे रंग चार: पिवळा, निळा, पांढरा आणि गडद. यांची पाळी अशी लावा की शेजारी कधी सारखे येणार नाहीत. डोंगरमाशींचं म्हणणं खोटं नाही. जागा ही पहिली खूण आहेच. पण जिथे जागा सारख्या असतात तिथे माशी रंगावर जाते, हे फ्रिशनेच दाखवलं आहे. ते पुढच्या प्रतिसादात, आता चष्मा दुखायला लागलाय.

वऱ्हाडातून

अकोल्याकडून एक विनंती. गडद रंग म्हणताना पूर्ण पेटी गडद करू नका कुणी. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-पिल्लांना, माश्या ३४-३५ अंशांच्या आसपास धरून ठेवतात. बाहेर पंचेचाळीस असताना ते धरून ठेवायचं म्हणजे अर्ध्या माश्या पाणी आणतात आणि अर्ध्या दारात पंख हलवत बसतात. मग फुलांवर जायचं कोणी? मेण वितळतं साधारण ६२-६४ अंशांना, पण त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडतं आणि मधाने भरलेलं पोळं चौकटीतून खाली सरकतं. माझं एक पोळं असंच बसलं. मध तळाला वाहिला, मुंग्या आल्या, दोन दिवसांत वसाहत पेटी सोडून गेली. त्या पेटीला घरात उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट दिला होता. दाराचा रंग होता, वाया जाऊ नये म्हणून दिला. ते आजही लागतं मनाला.

झाकण सगळ्यात महत्त्वाचं. दुपारचं ऊन तिथं बसतं. वरच्या पत्र्याला पांढरा रंग, त्याच्यावर उन्हाळ्यात ओलं गोणपाट. बाजू कोणत्याही फिक्या रंगाच्या चालतील, झाकण पांढरंच.

नवखा_पुणे

मी अजून एकही पेटी घेतलेली नाही, वाचतोय फक्त. लाल रंगाने चवताळतात हे खरं की खोटं? आणि काळे कपडे घालू नका म्हणतात ते?

प्रयोगवही

लाल तिला रंग म्हणून दिसतच नाही, तेव्हा लालाचा राग येण्याचा प्रश्न नाही. गडद मात्र दिसतं. पोळ्याशेजारी काहीतरी गडद, केसाळ आणि हलणारं आलं की ती हल्ला करते, कारण अस्वलापासून अनेक शत्रू तसेच असतात. म्हणून मधपाळाचा पोशाख पांढरा. पण जागेवर स्थिर उभी असलेली गडद पेटी म्हणजे शत्रू नव्हे, तिने माश्या चिडत नाहीत. ऊन तापवते हा तिचा दोष, वऱ्हाडातून यांनी सांगितला तो.

रंगारी

मी रत्नागिरीत रंगकाम करतो. माश्यांचं मला कळत नाही, लाकडाचं आणि पावसाचं कळतं. माझ्या मेव्हण्याच्या पेट्या गेली सहा वर्षं मीच रंगवतो.

पेटी आतून रंगवायची नाही हे त्याने मला पहिल्यांदा बजावलं. चौकटींना नाही, दोन मजले एकमेकांवर बसतात त्या कडांना नाही. फक्त बाहेरच्या बाजू, पायांची आणि तळपाटाची खालची बाजू.

ऑइलपेंट पहिल्या वर्षी दिला होता. दिसायला झकास, पण पाऊस संपता संपता फुगे आले आणि पोपडे सुटले. मला वाटलं माझा प्रायमर कच्चा राहिला. मग मेव्हण्याने समजावलं की ओल बाहेरून नाही, आतून येते. फुलांच्या रसात निम्म्याहून जास्त पाणी असतं, ते उडवून माश्या मध करतात. ती वाफ लाकडातून बाहेर यायला बघते आणि ऑइलपेंटचा थर तिला अडवतो. मग थरच उचलला जातो. तेव्हापासून पाण्यातला, बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक इमल्शन वापरतो. तो थोडा श्वास घेतो. वासही लवकर जातो.

क्रम असा ठेवतो. आधी पॉलिशपेपर. सांध्यांना आणि गाठींना लांबी. मग लाकडाच्या प्रायमरचा एक हात, पातळ. फळीचं जे आडवं कापलेलं टोक असतं ना, तिथून लाकूड पाणी पितं, सुपाने पाणी ओतल्यासारखं. त्या टोकांना प्रायमरचे दोन हात, कंजुषी नको. वाळल्यावर रंगाचे दोन हात. रंग फिकाच घ्या, ऊन आणि पाऊस दोन्हीला टिकतो. गडद रंग लवकर उडतो.

डबा घेताना शिसेमुक्त लिहिलेलं बघा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही असा कायदा आहे. पण गोदामात पडलेला जुना डबा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आणि एक हात जोडून सांगतो, वाळवीचं औषध पेटीला लावू नका. ते कीटकनाशक आहे. मधमाशीसुद्धा कीटकच.

डोंगरमाशी

रंगारी यांनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात माझी भर वासाची. मेलिफेरा एक वेळ सोसेल, सातेरी सोसत नाही. तिला पेटीत काही खटकलं की ती भांडत बसत नाही, उठून जाते. मुंग्या झाल्या, मेणकिडा झाला, सारखं उघडून बघितलं, वास आला, की गेली. ताज्या रंगाच्या पेटीत घातलेली वसाहत दुसऱ्या दिवशी आंब्याला लटकलेली मी पाहिली आहे. रंग हाताला सुकला म्हणजे सुकला असं नाही. नाक लावून बघा. वास येत असेल तर अजून नाही. मी तर म्हणतो तीन आठवडे उघडी ठेवा सावलीत.

माश्या आत असताना पेटी रंगवायची तर मुळीच नाही. रिकाम्या पेट्या रंगवा, आणि एकेक वसाहत संध्याकाळी त्यात हलवा, त्याच जागेवर. तुमच्याकडे पाच कोऱ्या आहेत हे बरं आहे, फिरवाफिरवीला उपयोगी.

आल्प्सपार

म्यूनिकहून. इथून काही तासांवर स्लोव्हेनियातलं रादोव्हल्यित्सा नावाचं छोटं गाव आहे, तिथलं मधमाशीपालनाचं संग्रहालय मागच्या वर्षी पाहिलं. हा धागा वाचताना तेच डोळ्यांपुढे येत होतं.

तिथल्या जुन्या पेट्या लांबट खोक्यांसारख्या. लाकडी माशीघरात कपाटातल्या खणांसारख्या एकावर एक रचलेल्या, म्हणजे दारं आणखीच जवळजवळ. आणि प्रत्येक पेटीच्या पुढच्या फळीवर चित्र. फूटभर लांब, पाच-सहा इंच उंच. जपून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुनी फळी १७५८ सालची, तिच्यावर मेरीमाता आहे. बायबलमधला ईयोब आहे, तो तिकडे मधपाळांचा रक्षक मानला जातो. शिकाऱ्याची अंत्ययात्रा प्राणी काढताहेत असं एक चित्र, सैतान एका बाईची जीभ सहाणेवर धार लावतोय असं दुसरं. सगळं जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांनी. दोनशे वर्षं उघड्यावर राहूनही काहींचे रंग बोलतात.

त्याच भागातला आंतोन यान्शा (१७३४-१७७३) मुळात चित्रकार. व्हिएन्नाला चित्रकला शिकायला गेला आणि मारिया तेरेझा राणीच्या दरबाराने नेमलेला मधमाशीपालनाचा पहिला शिक्षक झाला. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच्याच नावाने आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवला. चित्रकार आणि मधपाळ एकाच माणसात भेटले हे मला फार सुंदर वाटलं.

तिथे सांगतात की चित्रांमुळे माश्यांना घर सापडतं, आणि शेतकऱ्यालाही आपली पेटी सांगता येते, "ईयोबाच्या पेटीतली राणी म्हातारी झाली" वगैरे.

प्रयोगवही

आल्प्सपार, तुम्ही माझ्या राहिलेल्या प्रतिसादाला वाट करून दिलीत.

फ्रिशने पेट्यांच्या पुढच्या बाजूला सुटे, रंगीत पत्रे लावले. माश्या एका निळ्या दाराला सरावल्या. मग त्याने पत्रे हलवले आणि निळा पत्रा शेजारच्या रिकाम्या पेटीवर लावला. माश्यांचा लोंढा रिकाम्या पेटीत गेला. स्वतःची पेटी, राणी, पिल्लं सगळं हातभर अंतरावर असताना. शेजारच्या पेटीचा रंगही त्या खुणेत धरतात असंही त्याला दिसलं, म्हणजे "उजवीकडे पिवळी असलेली निळी ती माझी".

यावरून माझी सूचना. पूर्ण पेटी रंगीत करूच नका. सगळ्या पेट्या फिक्या, थंड रंगाच्या ठेवा. खूण फक्त दारावर हवी, सुटी. एक पाटी, दोन खिळ्यांना अडकवलेली. पेटी धुवायची, बदलायची झाली तर पाटी काढून नव्या पेटीला लावा, माश्यांच्या दृष्टीने घर तेच. रंगारी म्हणतात तसा गडद रंग लवकर उडो, पाटी पुन्हा रंगवायला पाच मिनिटं. वऱ्हाडची उन्हाची काळजीही मिटते, कारण एवढ्याशा पाटीने पेटी तापत नाही.

पाटीवर आकृती काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. भरीव गोल, भरीव चौकोन, भरीव त्रिकोण यांत फरक करणं माश्यांना अवघड गेलं असं सुरुवातीच्या प्रयोगांत दिसलं. फुली, पट्टे, चांदणी अशी तुटक आकृती मात्र भरीव आकृतीहून त्या चटकन वेगळी काढतात. फुलांत वावरणाऱ्या जिवाला पाकळ्यांच्या कडा महत्त्वाच्या, त्याला धरूनच आहे हे. नंतरच्या प्रयोगांत त्या याहून बरंच शिकतात असं आढळलं, पण राणीला एक-दोन उड्डाणांत घर ओळखायचं असतं. तिला सोपं द्या.

आणि रानफूल, सासूबाईंना सांगा की गेरूवर पांढरी नक्षी ही उत्तम कल्पना आहे. गेरू माशीला अंधारा, पांढरं उजळ. याहून ठळक काय हवं? फक्त पेटीभर नको, पाटीभर.

रानफूल

हे वाचून सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. लगेच गेरू भिजत घातला. गेरू पावसात टिकणार नाही म्हणून त्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद मिसळणार आहोत. चालेल ना?

ठरलं ते असं: पेट्या सगळ्या फिक्या क्रीम रंगाच्या, झाकणं पांढरी. पाट्या चार घरांच्या. निळी कोरी, पिवळी कोरी, गेरूवर पांढरी फुली, पांढऱ्यावर निळे उभे पट्टे. शेजारी सारखी येणार नाही.

रंगारी

गोंद चालेल. पाटीच्या मागच्या बाजूला आणि चारी कडांना पण हात मारा, नाहीतर प्लायवुड फुगेल. शक्यतो प्लाय नको, पत्र्याचा तुकडा घ्या, पण त्याला आधी धातूचा प्रायमर. कडा घासून बोथट करा.

डाळिंबवाला

रंगाचा विषय निघालाच आहे तर राणीच्या पाठीवरच्या ठिपक्याचं सांगतो. जगभर एकच पद्धत आहे. साल १ किंवा ६ ने संपलं तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. राणी कोणत्या सालची हे एका नजरेत कळतं. तो रंग माश्यांसाठी नाही, आतल्या अंधारात त्यांना दिसतही नाही. आमच्यासाठी. तिथे लाल चालतो.

डोंगरमाशी

ताई, सुट्या पाटीची कल्पना बरी आहे. माझा विरोध नाही. पण दहा पेट्यांवर एका वर्षात काही सिद्ध होत नाही हे ध्यानात ठेवा. ओळ मोडाल, पाट्या लावाल आणि राण्या परत आल्या तर श्रेय कोणाचं? म्हणून वही ठेवा. कोणती राणी कधी निघाली, कोणत्या पाटीची पेटी, शेजारी कोण.

आणखी एक कारण आहे, ते कोणी लिहिलं नाही. कामकरी माश्यासुद्धा चुकीच्या पेटीत शिरतात, पोटात रस असला की पहारेकरणी त्यांना आत घेतात. नर तर कुठेही शिरतात. त्यांच्याबरोबर रोग शिरतो. थाई सॅकब्रूड या रोगाने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. पिल्लू पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं होऊन मरतं, आपण हात चोळत बघत राहतो. राणीसाठी म्हणून जे कराल ते त्यासाठीही उपयोगी पडो.

रानफूल

धागा वर काढते आहे. डिसेंबर संपत आला.

मे महिन्यात पेट्या रंगवल्या. पॉलिशपेपर, लांबी, प्रायमर, दोन हात, सगळं रंगारी दादांनी सांगितल्या क्रमाने. बावीस दिवस गोठ्याच्या पडवीत उघड्या ठेवल्या आणि रोज नाक लावून बघत होते. पंधराव्या दिवसापर्यंत आत डोकं घातलं की वास येत होता, हाताला मात्र रंग दुसऱ्याच दिवशी सुकला होता. काका, तुमचं ऐकलं नसतं तर मी आठवड्यातच माश्या घातल्या असत्या. एकही वसाहत उठून गेली नाही.

ओळ मोडली. काही पेट्या काजूखाली, काही कुंपणाच्या करवंदीला धरून. दोन पेट्या जागेअभावी पूर्वीसारख्याच शेजारी शेजारी राहिल्या, मध्ये जेमतेम तीन फूट. तिथे निळी आणि गेरूची पाटी लावली.

नोव्हेंबरच्या शेवटी पाच विभाजनं केली. वहीप्रमाणे: चार राण्या अंडी घालू लागल्या आहेत. पाचवी आली नाही. ती पेटी तारेच्या अगदी खाली होती आणि त्या आठवड्यात राघू तिथेच होते, तेव्हा ती त्यांनीच नेली असावी. शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन पेट्यांतल्या दोन्ही राण्या आपापल्या घरी आहेत. काका म्हणाले तसं यावरून काही सिद्ध होत नाही, मला ते मान्य आहे. पण काल गेरूच्या पाटीच्या पेटीत पहिली चौकट उचलली आणि घराच्या तळाशी एकेक उभं अंडं दिसलं, तेव्हा सासूबाईंना हाक मारली. त्या पेटीजवळ कधी येत नाहीत, भितात. काल आल्या.

एक प्रत्यक्ष पाहिलेलं लिहिते. सप्टेंबरात एका पेटीचा तळ कुजायला लागला म्हणून वसाहत नव्या पेटीत घातली आणि पाटी लावायची राहिली. परतणाऱ्या माश्या दारासमोर घिरट्या घालत राहिल्या, उतरेनात. वीस-पंचवीस जणी हवेत. पाटी अडकवली आणि एकेक करून आत गेल्या. मी तिथेच बसून राहिले बराच वेळ.

तक्रार एकच. पिवळा रंग चार महिन्यांच्या पावसात फिका पडला, जवळजवळ पांढरट. गेरू मात्र टिकला. पिवळ्यासाठी दुसरं काही?

रंगारी

पिवळ्याखाली पांढरा हात होता का? पिवळा पातळ असतो, पांढऱ्यावर तीन हात लागतात. आणि छटा लिंबासारखी न घेता हळदीसारखी घ्या, टिकेल.

प्रयोगवही

नव्या पाटीला रंग देताना जुनी तशीच राहू द्या आणि संध्याकाळी, माश्या आत गेल्यावर, बदला. दिवसा पाटी नसेल तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. वहीची पानं इथे टाकता आली तर टाका, मला ती फार आवडीने वाचायची आहेत.

डोंगरमाशी

ताई, पाटीचं माप कळवा. माझ्याही दोन पेट्या घराच्या मागे भिंतीला लागून आहेत, तिथे हलवायला जागा नाही. नातवाला रंग आवडतात, त्याच्याकडून करून घेतो.

रानफूल

काका, नऊ इंच लांब, चार इंच उंच. दाराच्या वर एक इंच सोडून, म्हणजे पहारेकरणींना आडवी येत नाही. वर दोन भोकं, खिळे थोडे वरच्या बाजूला तिरके मारलेत, वाऱ्याने पाटी निसटत नाही. नातवाला सांगा, खालची कड नीट घासायची.